उजवीकडचा कप

टाचांच्या भेगांसाठी आणलेली व्हॅसलिनची डबी शोधत खुर्शीदबी बाहेर शेडमध्ये आली, तर डबी उघडी आणि नबी मिस्त्रीची दोन बोटं तिच्यात बुडालेली. निम्मी डबी संपली होती. टेबलावर जुनी चादर अंथरून त्यानं इंजिनाचे सगळे भाग ओळीनं मांडले होते, आणि एका बारीक पट्टीला तो असा हलक्या हातानं व्हॅसलिन लावत होता की तेवढा हलका हात त्यानं बायकोच्या तापातही कधी लावला नव्हता.

"अजी, हे बी नेली का?"

त्यानं मान वर केली नाही. खुर्शीदबी टेबलाला वळसा घालून समोर आली, तोंड त्याला दिसेल अशी उभी राहिली आणि तेच पुन्हा विचारलं.

"पट्टी पडते नं खाली," नबी म्हणाला. "चिपकून राह्यली पाहिजे. इंजिन गरम झालं का हे आपोआप जळून जाते."

"अन् माह्या टाचा?"

"तुह्या टाचा आता कोण पायते?"

"तुमी तं नाईच पायत, मले माहीत हाय," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी स्टुलावर टेकली. त्यानं न बोलता रॉकेलची वाटी आणि फडकं तिच्यापुढे सरकवलं. ती एकेक स्प्रिंग पुसून द्यायला लागली. ह्या घरात हिंदी आत चालायची आणि वऱ्हाडी बाहेर. पण चाळीस वर्षांच्या संसारात आत-बाहेरचं कुंपण कधीच मोडून गेलं होतं.

टेबलावर जे मांडलं होतं ते अकोल्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. साध्या इंजिनात पिस्टन खाली-वर नाचतात. ह्यात पिस्टनच नाहीत. भुईमुगाच्या शेंगेला आतून जसा मधोमध चिमटा असतो, तशी पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक लोखंडी तिकोन गरगर फिरतो आणि त्याचे तिन्ही कोपरे फिरता-फिरता भिंतीला घासत राहतात. कोपऱ्यावर खाच, खाचेत पट्टी, आणि पट्टीला भिंतीकडे रेटायला तिच्यामागं भिवईसारखी वाकलेली स्प्रिंग. असे दोन तिकोन, एकामागं एक, मध्ये जाड तबकड्या. सगळा थर चार खणांच्या जेवणाच्या डब्यासारखा रचायचा आणि लांब बोल्टांनी आवळायचा. ह्याला रोटरी इंजिन म्हणतात. नबी मिस्त्री त्याला तिकोन म्हणायचा, आणि पहिल्या दिवशी त्यानं ते उघडलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसला होता. "कोण्या मायच्या लालानं इच्यार केला असन हा," एवढंच बोलला.

गाडी श्रावणदादांची. पिस्त्याच्या रंगाची, बुटकी, जपानी. दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या जावयानं ती बोटीनं आणली होती, आणि श्रावणदादांनी तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत ती चालवली. पुढं जिनिंग बंद पडली, शेठचं घर सुरतेला गेलं. गाडी तेव्हा बंद होती. भंगारवालाही नाक मुरडत होता, म्हणून ती श्रावणदादांच्याच दारात राहिली. ती बंद पडायलाही कारण काय, तर तेल. ह्या इंजिनाला पेट्रोलबरोबर थोडं तेल जाळावंच लागतं, त्यावरच त्या पट्ट्या जगतात. पण आपल्याकडे इंजिन तेल प्यायला लागलं की त्याला आजारी समजायची रीत. श्रावणदादा जीव लावणारे ड्रायव्हर. गाडी तेल पिते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं तेलाची नळी बंद करून घेतली, आणि मग पट्ट्या कोरड्या घासून घासून गेल्या. नबीनं हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. "म्हंजे मीच उपाशी मारलं तिले," ते म्हणाले. नबीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता त्यांची मुलगी संध्या अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागली होती. तिनं कुठून कुठून शोधून परदेशातून पट्ट्या मागवल्या, चित्रांची पानं छापून आणली. श्रावणदादांचं म्हणणं एकच होतं. शेठला सगळीकडे नेलं, पण स्वतः दरवर्षी दीक्षाभूमीला ट्रकमध्ये उभ्यानं गेलो. ह्या दसऱ्याला बायकोला, जाईबाईला, मागच्या सीटवर बसवून तिवश्यावरून नागपूरला न्यायचं. रस्त्यात तिवश्याला थांबून तिला चहा पाजायचा, आणि दार आपण उघडायचं.

ह्या सगळ्यात खुर्शीदबीचा जीव टांगणीला लागायचं काही कारण नव्हतं. पण लागला होता.

झालं असं, की रमजान ईदला दानियाल आला होता. एकुलता एक मुलगा, चाकणला मोटारीच्या कारखान्यात. त्यानं शेडमध्ये नजर फिरवली. ताडपत्रीखाली शेतीपंपाची ऑइल इंजिनं उभी होती, अकोटची, हिवरखेडची, दर्यापूरची. ती वर्षंच तशी होती, नापिकीची आणि कर्जाची. इंजिनं यायची, पण दुरुस्तीला नव्हे. कुणी गिऱ्हाईक असलं तर पाहा म्हणून सोडून जायचे. दुरुस्त होऊन पडलेल्या दोन इंजिनांचे मालक तर न्यायला उरलेच नाहीत, आणि नबी त्यांच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, बायाबापड्यांसमोर मान खाली घालून परत आला होता. ती इंजिनं तो दर शुक्रवारी पुसायचा. विकायला मात्र तयार नव्हता.

"अब्बा, आता बस झालं," दानियाल म्हणाला होता. "चाकणले चला. माहेनूर तुमाले फोटोतच ओळखते."

नबी मिस्त्री म्हणजे वाळल्या बाभळीचं खोड, मोडेल पण वाकायचा नाही. त्यानं बोट त्या पिस्ता रंगाच्या गाडीकडे केलं. "हिचं इंजिन बोललं तं मी इथंच मरन. नाई बोललं तं तू म्हणशीन त्या दिवशी कुलूप लावतो. मंग तं झालं?"

दानियाल हसला. मोटारीतलं त्यालाही कळत होतं. असलं इंजिन अकोल्याच्या अकोट फैलातल्या टिनाच्या शेडमध्ये चालू होणार नाही, ह्याची त्याला खात्री होती. त्यानं हात पुढे केला आणि बापलेकांनी हातावर हात मारला. शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन खुर्शीदबी दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? तिला जायचं होतं. खोटं कशाला बोला. नातीसाठी, माहेनूरसाठी, ती फ्रॉक शिवायची, माप फोनवर घ्यायची; सून वितीनं मोजून सांगायची, आणि फ्रॉक पोचेपर्यंत पोरगी वीतभर नाही तरी चार बोटं वाढलेली असायची. तोकडे झालेले फ्रॉक परत यायचे. ते ती घडी घालून पेटीत ठेवायची. एकदा तरी पोरीला समोर उभी करून, टेप लावून, गुदगुल्या होऊन ती हसत असताना माप घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी हे इंजिन मुकं राहायला हवं होतं.

आणि ते मुकं राहणार की बोलणार हे तिच्याच कानांवर होतं. हे मात्र बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

नबीला ऐकू येणं कमी होत होतं. जन्मभर डिझेल इंजिनांशी डोकं लावून बसलेला माणूस. ज्या कानांनी नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखलं, ते कान त्या आवाजांनीच खाल्ले. समोर तोंड दिसलं तर समजायचं. पाठीमागचं सगळं गेलं. पण मिस्त्रीला ऐकू येत नाही हे गिऱ्हाइकाला कळलं तर धंदा संपला. म्हणून दोघांची एक रीत बसली होती. ती कधी ठरवलेली नव्हती. गिऱ्हाईक उभं असताना इंजिन चालू झालं की खुर्शीदबी चहा घेऊन बाहेर यायची. आवाज ठीक असला तर कप नबीच्या उजव्या हाताशी ठेवायची. बिघाड असला तर डाव्या. डावीकडे आला की नबी भुवया आखडून "हं, अजून पाहाव लागन" म्हणायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय कान आहेत मिस्त्रीचे.

कानांची गंमत जुनी होती. लग्न ठरताना नबीच्या आईनं खुर्शीदबीला विचारलं होतं, पोरगा पसंत हाय नं? सगळ्या बायांनी मान डोलव म्हणून खुणा केल्या. ही बया म्हणाली, "कान मोठे हायत." तिला खोटं बोलता यायचंच नाही. शेजारणीच्या घरी जेवायला बसली आणि मीठ कमी असलं, तर शेजारीण विचारेपर्यंतही ती थांबायची नाही. नबी अजून चिडवायचा, "मोठे होते म्हणून तं इतके दिवस पुरले."

संध्याकाळच्या आत दोन्ही तिकोन बसले, तबकड्या बसल्या, लांब बोल्ट आवळून झाले. नबीनं इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं, स्टार्टर जोडला, शेजारच्या जीपची बॅटरी आणली. ठिणगीची वायर काढून ठेवली, कारण आज इंजिन पेटवायचं नव्हतं. नुसता श्वास पाहायचा होता. पुढच्या तिकोनाचा प्लग काढून त्यानं भोक मोकळं केलं. तिकोन फिरला की त्याची प्रत्येक बाजू त्या भोकातून हवा फेकते. तीन बाजू, तीन फुसकारे. तिन्ही सारखे आले तर तिकोन धडधाकट.

"आयक," तो म्हणाला.

खुर्शीदबीनं ओढणी कानामागं सारली आणि वाकली. नबीनं बॅटरीची वायर स्टार्टरला टेकवली, दुसऱ्या हाताचा तळवा भोकासमोर धरला. फुस्स, फुस्स, फुस्स. कापसाच्या गाठोड्यावर कुणी बसावं तसा भरलेला, गोल आवाज. तिन्ही एका मापाचे.

"सारके हायत," ती म्हणाली.

"मागचा पाहू."

त्यानं मागचा प्लग काढला. वायर टेकवली. ह्या वेळी तळवा लावला नाही, मोकळा हात मागं पाठीवर नेला. हे तिला तेव्हा जाणवलं नाही.

फुस्स. मग फुक. मग फुक. एक भरलेला, दोन पोकळ.

ती तशीच वाकून राहिली. नबीनं पुन्हा फिरवलं. फुस्स, फुक, फुक. म्हणजे एका कोपऱ्याची पट्टी भिंतीला धरत नव्हती. तिच्या दोन्ही अंगांच्या बाजू हवा सांडत होत्या. एवढं तिला चाळीस वर्षांत कळायला लागलं होतं. हे असंच गाडीत बसवलं तर खोकेल, धूर टाकेल आणि बंद पडेल. तिनं फक्त "सारके हायत" म्हणायचं. दोन शब्द. आत्ताच म्हणून झालेले, जिभेवर तयार. आणि मग माहेनूर टेपसमोर उभी.

तिनं भोकाकडे पाहिलं, मग नबीकडे. तो तिच्या ओठांकडे बघत होता. असं तो हल्ली नेहमीच बघायचा, ऐकायला. पण तिला एकाएकी वाटलं, ह्या माणसाचा माझ्या तोंडाशिवाय जगात दुसरा कानच नाही. ज्याला माझ्याखेरीज पडताळा नाही त्याला फसवू कशी?

ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"एकच भरून येते," ती म्हणाली. "दोन पोकळ हायत."

"पक्कं?"

"पक्कं."

एरवी असं झालं असतं तर नबीनं पाना आपटला असता, पानेवाल्यापासून पंचायत समितीपर्यंत सगळ्यांची आई-बहीण काढली असती. आज त्यानं फक्त "बरं" म्हटलं. हात पुसले. तिच्या डोक्यावरची ओढणी सरकली होती ती नीट केली, आणि आत जाऊन मुकाट्यानं जेवायला बसला. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं आधी तिच्या ताटात ठेवला. खुर्शीदबीला वाटलं, मनाला लागलं असेल बिचाऱ्याच्या. तिला स्वतःलाही लागलं होतं, पण ते कुणाला सांगायचं?

सकाळी धुण्याला बसताना तिनं सवयीनं नबीच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. नट, वॉशर, कधी विडीचं थोटूक. जे निघेल ते ती खिडकीतल्या डब्यात टाकायची. आज खिशातून भिवईसारखी वाकलेली, पातळ, चकचकीत स्प्रिंग निघाली.

तिनं ती ओळखली. कालच रॉकेलमध्ये पुसून दिली होती. दोन तिकोन, सहा कोपरे. जेवढे कोपरे तेवढ्याच स्प्रिंगा होत्या, जास्तीची एकही नव्हती. म्हणजे एक कोपरा रिकामा होता. म्हणजे दोन फुसकारे पोकळ येणारच होते.

विसरला? माणूस म्हातारा झाला, विसरूही शकतो. पण विसरलेली वस्तू खिशात कशी येईल? खिशात तर ती हातानंच घालावी लागते. खुर्शीदबी धोंड्याजवळ बसून राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं. मग एकेक आठवलं. पुढच्या तिकोनाला लावलेला तळवा. मागच्याला न लावलेला. पाठीमागं नेलेला हात. आणि तो न आपटलेला पाना.

तिनं स्प्रिंग ओढणीला पुसली, शेडमध्ये जाऊन टेबलावरच्या चादरीवर मधोमध ठेवली आणि तिथंच उभी राहिली. नबी तोंड धुऊन आला. त्यानं स्प्रिंग पाहिली.

"कुठं भेटली?"

"तुमी ठेवली होती तिथंच."

तो स्टुलावर बसला. बराच वेळ गालावरचं पाणी पुसत राहिला, पुसून झालं होतं तरी.

"बोल्ट आवळून झाल्यावर दिसली," तो म्हणाला. "चादरीच्या घडीत सरकली होती. आजवर माह्या हातून असं झालं नाई. खोलत होतो लगेच. मंग म्हटलं, आदी तुले इच्यारून पाहाव."

"मले काय इच्यारलं तुमी? आवाज इच्यारला."

"तेच तं इच्यारलं."

खुर्शीदबी एक पाऊल पुढे आली.

"अन् मी सारके हायत म्हटलं असतं तं?"

"तं काय. पेटीतल्या त्या फ्रॉका घेतल्या असत्या अन् गेलो असतो. तुले आठवन बी दिली नसती कधी." त्यानं स्प्रिंग उचलून उजेडात धरली. "मले वाटलं होतं म्हणशीन."

"मले खोटं बोलता येते का?"

"नाई येत. पण मले वाटलं, नातीपाई येईन."

तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं कधी तिला सरळ विचारलं नाही. विचारलं तेही इंजिनाच्या भोकातून. तिनं व्हॅसलिनची डबी त्याच्यापुढे आदळली. "हे घ्या. उरलेली बी लावा. खोला ते लवकर."

दोघांनी मिळून खोललं. ह्या वेळी स्प्रिंग तिनं आपल्या हातानं खाचेत बसवली. बोल्ट आवळून झाल्यावर नबीनं मागच्या भोकासमोर तळवा धरला, ती कान देऊन वाकली. तीनही फुसकारे भरलेले आले.

रविवारी श्रावणदादा आणि संध्या आले. इंजिन गाडीत बसवून झालं होतं. श्रावणदादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. पेट्रोलमध्ये तेल मिसळताना नबीनं डबा मुद्दाम त्यांच्याच हातात दिला. म्हाताऱ्यानं लहान पोराला औषध पाजावं तसं जपून ओतलं.

पहिल्यांदा नुसता स्टार्टर फिरला. दुसऱ्यांदा फाटकन बार उडाला, आणि शेडभर पांढरा धूर झाला. संध्या खोकत बाहेर पळाली. व्हॅसलिन जळण्याचा वास आला. मग धुराच्या आतून एक आवाज उठला, धरला गेला, पुन्हा बसला, पुन्हा उठला आणि राहिला.

आता खरं काम होतं. ठिणगी कधी पडावी, हवा किती जावी, हे केसाच्या अंतरानं फिरवून लावायचं. हे कानाचं काम. नबीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हातात धरला आणि खुर्शीदबीकडे बघितलं. तिच्या हातात चहाचं ताट नव्हतं. रीतीप्रमाणे तिनं आत जाऊन चहा आणायला हवा होता. ती गेली नाही. सरळ बोनेटपाशी, त्याच्या समोर येऊन उभी राहिली. हात वर केला आणि बोटांनी खूण केली, अजून. अजून जरा. थांबा. उलटं. नबी तिच्या बोटांकडे बघत फिरवत गेला. आवाजातला खडबडीतपणा हळूहळू गेला आणि तो गोल झाला, तेव्हा तिनं मूठ मिटली. नबीनं तिथंच बोल्ट कसला.

श्रावणदादा हे सगळं बघत होते. कळायचं ते त्यांना कळलं असणार. ते फक्त म्हणाले, "भाबी, आता द्या चहा."

चहा आला. नबीनं आपला कप घेऊन चालत्या इंजिनावरच ठेवला. चहावर साय धरायला लागली तरी ती हलली नाही. श्रावणदादा त्या कपाकडे बघून डोळे पुसायला लागले. मागचं दार त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जाईबाईसाठी तालीमच चालली होती म्हणा.

"काका, हे तर शिलाई मशीनसारखं वाजतंय," संध्या हसून म्हणाली.

नबीला ते ऐकू गेलं नाही. तो खुर्शीदबीकडे बघत होता, कारण तिच्या हातातला मोबाइल उजळला होता. दानियालचा रविवारचा फोन. नबी फोनवर कधी बोलायचा नाही, "फोनमंदी मजा नाई" म्हणायचा. तो फोन तिच्या चेहऱ्यावरून ऐकायचा.

"अम्मी, आज चालू करणार होते नं? काय झालं?"

"काय म्हणते?" नबीनं विचारलं.

"इच्यारून राह्यला, झालं का चालू."

नबीनं गाडीकडे पाहिलं. मागच्या दाराशी उभ्या श्रावणदादांकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या ताडपत्र्यांकडे पाहिलं. मग फडक्यानं हात पुसायला लागला, एकेक बोट. ऐकू येत नसल्यानं तो एरवी मोठ्यानंच बोलायचा. आज त्यानं जमेल तेवढा आवाज खाली घेतला.

"नाई झालं म्हणाव."

खुर्शीदबीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आणि तिचे कान तर कधी चुकत नसत.

"सांग त्याले," तो म्हणाला. "जमलं नाई म्हणाव तुह्या बापाले. पोरगं जितलं."

ज्या माणसानं आयुष्यात एकाही इंजिनापुढं हार मानली नव्हती, तो आपल्या सगळ्यात सुरेख इंजिनाशेजारी उभं राहून हे बोलत होता. ते इंजिन किती मोठ्यानं वाजतंय आणि फोनमध्ये किती भरून जातंय, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अम्मी?" तिकडून दानियाल म्हणाला. "आवाज कायचा येऊन राह्यला?"

खुर्शीदबीनं नबीकडे पाहिलं. मोठे कान, तेलकट सदरा, तिच्या ओठांवर लागलेले डोळे. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मशीन हाय रे," ती म्हणाली. "माहेनूरचा फ्रॉक शिवून राह्यली मी."

ह्याच अंगणात रांगलेला, ह्याच आवाजांत वाढलेला पोरगा तो. आईची शिलाई मशीन कशी खडखडते हे त्याला ठाऊक होतं, आणि तिला खोटं बोलता येत नाही हेही. फोनमध्ये बराच वेळ नुसतं ते इंजिन चालत राहिलं.

"बरं," दानियाल शेवटी म्हणाला. "तिकीट काढतो मी, दोघायचं. फ्रॉक राहू दे, इथं आल्यावर माप घेजो. अन् अम्मी, अब्बाले सांगजो, मशीन लय सुरेख चालून राह्यली."

"काय म्हणते?" नबीनं विचारलं.

खुर्शीदबीनं इंजिनावरचा कप उचलला आणि त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.